खारा नसलेला समुद्र

लातूरजवळच्या थीम पार्कला लागून एक महागडं रिसॉर्ट आहे. तिथे वाळू पसरून समुद्रकिनारा केला आहे आणि मोठ्या तलावात यंत्राने लाटा सोडतात. मुलांच्या हट्टापायी आम्ही तिथे राहिलो होतो. तिथेच मला एक बाई भेटल्या. त्यांच्या मुलाने त्यांना चाकूरहून आणलं होतं.

हिरवं इरकल नेसलेल्या त्या सत्तरीच्या बाई थेट पाण्यात उतरल्या नाहीत. आपल्याकडे नदीला करतात तसं त्यांनी आधी ओलं बोट डोळ्यांना लावलं, हात जोडले. मग तेच बोट जिभेवर टेकवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून हसल्या.

"खारं न्हाई हे," त्या हळूच म्हणाल्या. "पोराला सांगू नका बरं. समुद्र दावतो म्हनून लई हौसेनं आनलंय त्यानं."

तेवढ्यात मुलगा शहाळं घेऊन आला. "काय माय, कसा हाय समुद्र?"

"लई मोठा हाय रे. डोळ्यात मावंना."

तो खुशीत आईचे फोटो काढू लागला.

मला माझी आई आठवली. तिला कोकणात नेतो, असं मी नोकरी लागल्यापासून म्हणत होतो. एकदा ती माझ्याकडे नांदेडला आली तेव्हा विष्णुपुरीचं धरण तेवढं दाखवलं. वाऱ्यात पदर सावरत, पाण्याकडे बघत ती म्हणाली होती, "आता समुद्र कशाला रे? ह्यातच आला की."

तिची हौस फिटली, असं मी ती गेल्यावरही धरून चाललो होतो.