पंच क्रमांक दोन

पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणाऱ्याने पंचनाम्याच्या जागी स्वतः हजर असले पाहिजे, ही गोष्ट कायद्याने सांगावी लागते हेच मुळात लाजिरवाणे आहे. ऐंशीच्या दशकात धुळ्यातील आमच्या गल्लीत ती कायद्याने सांगूनही कोणी पाळत नसे. न पाळणाऱ्यांत मी होतो, हे आधीच नमूद करून ठेवतो.

आमच्या भागातील गल्ल्यांना क्रमांक होते. सरळ आखलेल्या त्या गल्लीच्या एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाच्या ओट्यावर कोण बसले आहे ते ओळखू येई. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो, परंतु सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वीचा तास माझ्या ओट्याचा असे. नळाला पाणी कमी येते, रॉकेलचा कोटा अपुरा मिळतो, दिव्याचा खांब वाकला आहे, अशा तक्रारी घेऊन लोक येत आणि मी अर्ज लिहून देई. त्या अर्जांची उत्तरे क्वचितच येत. आली नाहीत की मी स्मरणपत्रे लिही. त्या तासाचे ऊन, समोरच्या घरातून येणारा फोडणीचा वास आणि "नाना आहेत का?" ही हाक आजही माझ्या सकाळींत अधूनमधून परत येतात.

याच तासाला जवळच्या चौकीतील हवालदार येई. त्याला पंचनाम्यांवर दोन प्रतिष्ठित इसमांच्या सह्या लागत. पंच क्रमांक एक हा कोपऱ्यावरचा पानदुकानदार, पंच क्रमांक दोन मी. कागद चौकीतच लिहून झालेला असे. "नाना, तुमची सही पाहिली की साहेब पुढे काही विचारतच नाहीत," असे हवालदार म्हणे, आणि मला ते गोड लागे. मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचीत असे. त्यातली वाक्ये दुरुस्तही करीत असे. 'आम्हां पंचांसमक्ष' हे शब्द मी कितीदा वाचले असतील, त्याला गणती नाही. आम्ही तेथे नव्हतो, एवढी एकच चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

दिवाळी झाली की गल्लीत पिंजारी येई. त्याच्या धनुकलीचा टणत्कार दोन घरे आधीपासून ऐकू येई. जुन्या गाद्यांतला दडपलेला कापूस तो ओसरीवर पिंजत बसे आणि संध्याकाळी त्याच्या दाढीवर, भुवयांवर, दाराच्या कडीवर पांढरा पिंज साठलेला असे. एकेका घरात दोन-तीन दिवस काम चाले. बायका घर त्याच्यावर सोपवून बाजाराला जात. त्याचा सारा धंदा लोकांच्या उंबरठ्याच्या आत होता.

त्या वर्षी तो समोरच्या अक्कांकडे काम करून गेला आणि दुसऱ्या दिवशी अक्कांची सोन्याची पोत सापडेना. अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या, परंतु माझी पत्नी टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा दीड महिना माझ्या घरची चूल त्यांनी सांभाळली होती. पोत त्यांच्या आईची. पिंजाऱ्याला धरून नेले. चौथ्या सकाळी हवालदार हसत आला. पोत सापडली होती. कागदात लिहिले होते की आरोपीने आम्हां दोन्ही पंचांसमक्ष आपल्या घरातील कापसाच्या गाठोड्यातून ती स्वतः काढून दिली. अक्कांनी पेढे वाटले होते. माझ्या डाव्या हातात पेढा होता आणि उजव्या हाताने मी सही केली.

आठ महिन्यांनी न्यायालयाचे साक्षीचे समन्स आले, तेव्हा त्या सहीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. भारतीय पुरावा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली, म्हणजे आरोपीने माल स्वतः काढून दिला म्हणून, त्या माणसाविरुद्ध जो एकमेव पुरावा उभा होता, तो म्हणजे आम्ही दोघे. त्याला जामीन राहायला कोणी पुढे आले नव्हते, म्हणून कापसाचा सबंध हंगाम त्याने कोठडीत काढला होता. शिक्षा झाली असती तर पुढे कुठल्याही घराने त्याला उंबरठ्याच्या आत घेतले नसते. आता मला शपथ घेऊन सांगायचे होते की मी पाहिले. मी पाहिले नव्हते. तो चोर होता की नव्हता हे मला तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही.

मी हवालदाराला तसे सांगितले. तो पानाच्या दुकानापुढे उभा होता.

"नाना, तुम्हाला फक्त 'होय' म्हणायचंय. दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला.

"मी तिथं नव्हतो."

"मी तरी कुठं होतो?" पानदुकानदार चुना लावता लावता म्हणाला. "पण मी 'होय' म्हणणार. साऱ्या जिल्ह्याला कलमं शिकवता ना तुम्ही? आता एखादं स्वतःला लावून घ्या म्हणजे कळेल!"

दुकानापुढचे सगळे हसले. त्याच्या बोलण्यात चूक काढता येईना, म्हणून मी अधिकच चिडलो.

संध्याकाळी अक्का आल्या. त्या पायरीवरच बसल्या, आत आल्या नाहीत. सारी गल्ली बोलत होती तेच त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले.

"नाना, बठ्ठी गल्ली म्हनस, तुम्ही उलटी साक्ष देनार शेतस. खरं शे का?"

"अक्का, मी पाहिलेलं नाही. पाहिलं असं कसं सांगू?"

"मंग सही कशी करी?"

 मी त्यांना समजावून सांगितले की तो सुटला तरी पोतीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, न्यायालय ती त्यांनाच परत देईल. त्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"पोतनं जाऊ द्या," त्या उठत म्हणाल्या. "तुम्ही मना मानूस शेतस असं मले वाटे."

रात्रीचे जेवण झाल्यावर मी पत्नीला तिचे मत विचारले. ती म्हणाली, "कायद्यातलं मला कळत नाही. अक्का उद्यापासून आपल्याकडे येणार नाहीत, एवढं कळतं. पण तुम्ही खोटं बोलून आलात तर मला त्यांच्या घरी ताठ मानेनं जाता येणार नाही. मग दोन्हीकडून सारखंच."

न्यायालयात पानदुकानदाराची साक्ष आधी झाली. त्याने सारे पाठ म्हणून दाखविले. मग माझी पाळी आली. मी हजर नव्हतो असे सांगताच सरकारी वकिलांनी मला फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. जन्मभर फितूर साक्षीदारांविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणाऱ्या माणसाला तो शब्द आपल्या नावापुढे ऐकावा लागला.

"ही सही तुमचीच?" वकिलांनी विचारले.

"होय."

"कागद वाचून केलीत?"

"होय. दोन वाक्ये दुरुस्तही केली."

"म्हणजे खोट्या कागदावर जाणूनबुजून सही केलीत?"

"होय."

मागच्या बाकांवरून कोणीतरी "शाब्बास!" म्हणाले. ते स्तुतीने म्हटलेले नव्हते.

पिंजारी निर्दोष सुटला. अक्कांना पोत परत मिळाली. त्याच आठवड्यात मी पोलीस अधीक्षकांना सविस्तर पत्र लिहिले की पंच क्रमांक दोन याने खोटा पुरावा तयार करण्यास हातभार लावला आहे, सबब त्याच्यावर भारतीय दंडविधानाच्या कलम एकशे त्र्याण्णवखाली कारवाई व्हावी. खाली माझेच नाव होते. उत्तर आले नाही. मी दोन स्मरणपत्रे पाठविली. स्वतःविरुद्धच्या तक्रारीचा पाठपुरावा करणे सोपे नसते, आणि तिसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा माझ्या खणात तसाच पडून राहिला.

गल्लीने मला काही बोलून दाखविले नाही. थंडीत साक्री रस्त्यावरच्या एका मळ्यात गल्लीची भरीत-पार्टी होत असे. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजली जात, लाकडी बडगीच्या उखळीत मिरची-लसणाबरोबर कुटली जात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातावर घेऊन उभ्याउभ्याच जेवण होई. त्या थंडीत बैलगाड्या माझ्या दारावरून गेल्या आणि मला कोणी हाक मारली नाही. पुढच्या थंडीतही नाही. मला त्या भरताची आजही भूक लागते. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही.

अक्का तीन वर्षे बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या, परंतु 'नाना' असे न म्हणता 'साहेब' म्हणू लागल्या. ते मला न बोलण्यापेक्षा अवघड गेले.

पिंजारी सुटल्यानंतर महिनाभराने एका सकाळी माझ्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. धनुकली खांद्यावर होती. आभार मानायला आला असावा, अशी माझी समजूत झाली. मी अवघडून म्हणालो, "आमच्या दोन गाद्या आहेत. पिंजून देतोस का?"

त्याने धनुकली खांद्यावरून उतरवली. "करतो, नानासाहेब. पण दार बंद करायचं नाही. आणि भाभींनी इथं समोर बसायचं, माझं काम होईपर्यंत."

"तशी काही गरज नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला नसेल."

दोन दिवस दार सताड उघडे राहिले आणि माझी पत्नी तांदूळ निवडत, काही नसेल तेव्हा नुसतीच, ओसरीवर बसून राहिली. येणारेजाणारे डोकावून जात. तो मान वर करीत नव्हता. काम झाल्यावर त्याने अंगावरचा पिंज झटकला, ठरलेली मजुरी घेतली आणि म्हणाला, "मी आता जळगावला जातो, सासऱ्यांकडे. तिकडे कोणी ओळखत नाही, पण आज ना उद्या ही गोष्ट तिथं पोचेलच. तुम्ही एक कागद लिहून द्या. मी तुमच्या घरात दोन दिवस काम केलं आणि काही गेलं नाही, एवढाच."

माझ्याकडे कागद तयारच असत. मी बसल्या जागी चार ओळी लिहिल्या आणि सहीसाठी पेन खाली टेकविले. त्याने कागदावर हात ठेवला.

"आधी आत जाऊन बघून या, नानासाहेब."

मी उठलो. कपाट उघडले, डबे पाहिले, देवघरातली चांदीची निरांजने मोजली, पत्नीला बोलावून तिच्या बांगड्या पाहायला लावल्या. बराच वेळ लागला. तो ओट्यावर उन्हात उभा होता. मग मी बाहेर आलो आणि सही केली.