उशिरा पोचलेला नकार

पोट भरायला माणसं काय काय उचलतात. कुणी विटा उचलतं, कुणी पोती. दुभाषीबाई वाक्यं उचलायच्या. एकाच्या तोंडातलं वाक्य उचलायचं आणि दुसऱ्याच्या कानात नेऊन ठेवायचं. वाटेत सांडायचं नाही आणि पदरचंही काही घालायचं नाही. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना फार तोरा होता. गावात आणखी एक दुभाष्या होता, त्याला मध्येच 'म्हणजे यांना असं म्हणायचंय' असं सांगायची खोड. त्याचं नाव निघालं की बाई नाक मुरडायच्या. आपण हमाल, म्हणायच्या, हमालानं पेटी उघडून बघायची नसते.

गाव बंदराचं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. कोर्टात, इस्पितळात, जकातीच्या कचेरीत, जिथं दोन माणसं एकमेकांकडे नुसती बघत बसलेली असत तिथं बाईंना बोलावणं जाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खाडीच्या तोंडाकडे बघणारी एक अरुंद गॅलरी, एवढा संसार. आणि रक्ताचं म्हणावं असं गावात एकच माणूस, थोरला भाऊ. दादा रोज सकाळी होडीवर जायच्या आधी जिने चढून यायचा, गॅलरीतल्या मोडक्या खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि बहिणीची फिरकी घ्यायचा. सगळं गाव तिला बाई म्हणे, हा एकटा पोपट म्हणायचा. "काय पोपट, आज कुणाची पोपटपंची?" साठीला टेकलेल्या बाईला असं कुणी हाक मारणारं असणं ही किती मोठी श्रीमंती आहे, हे असेपर्यंत कळत नाही.

दादाची होडी काचेच्या तळाची होती. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली पोवळ्यांचा लांबच लांब कट्टा होता. गावातली माणसं त्याला बाग म्हणत. त्या बागेवरून पाहुण्यांना फिरवायचं आणि काचेतून दाखवायचं, हा दादाचा धंदा. लहानपणी त्यानं बहिणीचं मनगट धरून तिला तिथं खाली नेलं होतं. तिनं पाण्यात डोळे उघडले, समोरचं बघून ओरडायला गेली आणि पोटभर खारं पाणी प्याली. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही, पण काचेतून बघायला कायम जायची.

बाग जपायचं काम होडीवाल्यांच्या संघटनेनं अंगावर घेतलं होतं आणि संघटनेचा प्रमुख दादा होता. बागेवर नांगर टाकायचा नाही, बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांनाच होडी बांधायची. ज्यानं नांगर टाकला त्यानं महिनाभर किनाऱ्यावर बसायचं. दादाच्या सख्ख्या मेहुण्यालाही त्यानं असं बसवलं होतं आणि बायकोची बोलणी खाल्ली होती.

या संघटनेत बैठकीत कधी काही ठरत नसे. बैठक ही नुसती बसायची. ठरायचं ते नंतर. दादा एकेकाच्या घरी जायचा, आधी गुडघेदुखीची, जावयाची चौकशी करायचा आणि मग हळूच विषय काढायचा. होडी विकून घरात बसलेल्या म्हाताऱ्यालाही विचारल्याशिवाय गोष्ट पुरी होत नसे. आणि नकार द्यायचा असला तर तो पाहुण्याच्या तोंडावर कधी द्यायचा नाही. दोन्हीकडे ऊठबस असलेल्या माणसाकरवी तो चार दिवसांनी पोचवायचा, चहा पिता पिता, आडवळणानं. मग पाहुणाच म्हणायचा, राहू दे, आपण दुसरं काही बघू. कुणाचं तोंड पडत नसे. आजवर यात कुणाचं अडलं नव्हतं, कारण आजवर आलेले पाहुणेही याच वळणाचे होते.

मग कंपनी आली. मोठी जहाजं लागतील असा धक्का बांधायचा होता आणि त्यासाठी खाडीच्या तोंडातून खोल वाट खणायची होती. वाटा दोन. एक बागेच्या टोकावरून, जवळची. दुसरी दक्षिणेकडून वाळूतून, लांबची आणि महागाची. कंपनीच्या मुख्य इंजिनिअर मॅडम दूरदेशीच्या, उन्हानं नाक सोललेल्या, वागायला सरळ. त्यांच्याकडची रीत अशी की गोष्ट टेबलावर मांडायची, ज्याला बोलायचं त्यानं तिथंच बोलायचं, आणि उठायच्या आत ठरवायचं. गप्प बसला तो कबूल. आता यात शहाणं कोण आणि वेडं कोण? कुणीच नाही. दोन्ही रीती आपापल्या घरी उत्तम चालत होत्या.

बाईंना कंपनीनं रोजावर ठेवलं. प्रमुख आपला भाऊ आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं. सांगितलं तर हिचं वाक्य भावाकडे झुकतंय असा संशय येईल, अशी त्यांना धास्ती. म्हणून त्या बैठकीत बाई रोजच्यापेक्षाही ताठ बसल्या. दादानं येताना एक डोळा बारीक केला, तर यांनी ओळखच दाखवली नाही.

बैठक संघटनेच्या पत्र्याच्या खोलीत झाली. पंखा कुरकुरत होता. मॅडमनी नकाशा भिंतीला चिकटवला, दोन्ही वाटा बोटानं दाखवल्या आणि स्वच्छ विचारलं की बागेवरच्या वाटेला कुणाची हरकत आहे का? असेल तर आत्ता सांगा, आम्ही वाळूतून जाऊ, तेवढा अधिकार मला आहे. बाईंनी शब्दन् शब्द सांगितला. कुणी बोललं नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं. होडीवाले पायाच्या बोटांकडे बघत बसले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दादा हसून म्हणाला, "एवढ्या लांबून आलात, आम्हाला विचारलंत, यातच सगळं आलं. आम्ही आपसात बोलून घेतो."

बाईंनी तेही जसंच्या तसं पलीकडे ठेवलं. मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी ऐकलं ते एवढंच की माणसं खूश आहेत. मग ठरलं, त्या म्हणाल्या. बाईंनी सांगितलं, मग ठरलं म्हणतायत. होडीवाल्यांना वाटलं, पाहुणे उठायच्या आधी काहीतरी गोड बोलतात, तसंच हे.

त्या खोलीत एकच माणूस असं होतं की ज्याला दोन्हीकडचं कळत होतं. पायाच्या बोटांकडे बघणं म्हणजे काय, हे बाई पाळण्यात असल्यापासून जाणत होत्या. तो नकार होता, चांगला ठणठणीत नकार. पण तो अजून बोलला गेला नव्हता, आणि बाई बोललेलंच उचलत. शिवाय त्यांनी मनाशी धरलं होतं की रीतीप्रमाणे दोनचार दिवसांत दादा येईल, नकार आपल्याच हाती देईल आणि आपण तो मॅडमकडे पोचवू. दोन्हीकडे ऊठबस असलेलं माणूस आणखी कोण होतं?

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या की इतकी सोपी बैठक त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. मग त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "खरंच चालेल ना त्यांना? तुम्हाला काय वाटतं?"

अहो, देव पावला तरी याहून स्पष्ट काय विचारणार! एक वाक्य बोलायचं होतं. पण बाईंच्या अंगात तो मेला तोरा आला आणि त्याच्या आड ती धास्ती लपली.

"मी फक्त बोललेलं सांगते," बाई म्हणाल्या.

मॅडमना हे आवडलं. कामाचा माणूस असाच हवा, म्हणाल्या.

दादानं घरं पालथी घातली. चहाला रोज येई, पण सगळ्यांचं विचारून होईपर्यंत हा विषय काढत नसे. एक जण बाहेरगावी होता, त्याची वाट बघितली. म्हातारा तापानं पडला होता, तो उठून बसेपर्यंत थांबला. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नेहमीसारखा जिने चढून आला. खुशीत होता. त्याच्या हिशेबानं तो वेळेवर, उलट जरा लवकरच आला होता. चहाचा कप हातात घेऊन त्यानं बहिणीला शिकवलं की कसं सांगायचं, आधी धक्क्याचं कौतुक कर, मग वाळूतल्या वाटेचा विषय काढ, ती मॅडम समजूतदार दिसते. बाई मान डोलवत होत्या. तेवढ्यात दादाचं गॅलरीबाहेर लक्ष गेलं.

खाडीच्या तोंडाशी गाळ उपसायचं जहाज उभं होतं. त्याच्याभोवती पाणी चहासारखं झालं होतं.

बाई पायात चप्पल न घालता धावल्या. मॅडमनी ऐकलं मात्र, फोन उचलून काम थांबवलं. तेवढं त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. पण फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मी तीनदा विचारलं होतं.  काम थांबेपर्यंत बागेचं टोक कापलं गेलं होतं, आणि जे कापलं गेलं नाही त्याच्यावर उकरलेला गाळ बसत गेला. प्रवाह तो गाळ आत आत नेत राहिला. पोवळं हे दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं, त्याला उजेड लागतो. गाळाखाली ते गुदमरलं. कंपनीनं पुढं वाट वाळूतूनच काढली. म्हणजे बाग गेली ती फुकटच गेली.

पाणी निवळल्यावर दादानं बहिणीला होडीत बसवून नेलं. काचेखाली सगळं राखेच्या रंगाचं होतं. मासे नव्हते. जिथं लहानपणी तिनं डोळे उघडले होते तिथं दादानं इंजिन बंद केलं आणि दोघं काचेकडे बघत बसली. बाई रडू लागल्या. तो रडला नाही.

"तू होतीस ना तिथं," तो म्हणाला.

"दादा, तू जे बोललास ते सगळं मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही."

"शब्द सांगायला परकं माणूसही चाललं असतं."

त्यानं इंजिन सुरू केलं. किनाऱ्यावर उतरताना त्यानं हात दिला, म्हाताऱ्या पाहुण्याला देतात तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दोन कप चहा टाकला. तो आला नाही. त्या रोज दोन कप टाकत राहिल्या आणि एक मोरीत ओतत राहिल्या. वहिनीकडून निरोप धाडला, तर वहिनी म्हणाली, त्यांना जरा वेळ द्या. वेळ बाईंकडे भरपूर होता. काचेची होडी दादानं किनाऱ्यावर ओढून उलटी घातली आणि दुसऱ्याच्या बोटीवर माल चढवायला जाऊ लागला. या वयात पाठ धरली. हेही बाईंना वहिनीकडूनच कळलं.

बाईंनी कंपनीचं काम सोडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात मॅडमचं बोलावणं आलं. उरलेल्या तुकड्यांपासून लोखंडी चौकटींवर पोवळी पुन्हा वाढवायची, असा बेत होता, आणि त्यासाठी होडीवाल्यांची मदत हवी होती. पण त्याआधी आपलं कुठं चुकलं ते मॅडमना समजून घ्यायचं होतं. संघटनेनं प्रमुखाला पाठवलं. बाईंना कळलं की दादा येणार, आणि त्या गेल्या. नाहीतर त्यांना तो भेटायचा कुठं?

कंपनीच्या कचेरीत लांब टेबल होतं. एका बाजूला मॅडम, समोर दादा, आणि टोकाला बाई. दादा वाळला होता. शर्टाचं बटण तुटलेलं होतं, ते बाईंच्या लक्षात आलं. वहिनीचं लक्ष नाही की काय, असं त्यांच्या मनात आलं. मॅडम बराच वेळ बोलल्या. चूक आमची झाली, आम्ही घाई केली, तुमची रीत आम्हाला माहीत करून घ्यायला हवी होती. बाईंनी सगळं सांगितलं. 

दादानं ऐकून घेतलं. मग तो बाईंकडे वळला.

"बाई, तुम्ही त्यांना सांगा," तो म्हणाला, "त्यांची चूक नाही. त्यांना माहीत नव्हतं. आमचीही नाही, आम्हाला त्यांचं माहीत नव्हतं. दोन्हीकडचं माहीत असलेलं माणूस एकच होतं. ते गप्प बसलं."

बाई, तुम्ही. असं त्यानं आयुष्यात बहिणीला म्हटलं नव्हतं. ते कानावर पडल्यावर पुढचं वाक्य उचलायला बाईंना दोन्ही हात टेबलावर टेकावे लागले. पण त्यांनी ते उचललं आणि पुरं पलीकडे नेऊन ठेवलं.

मॅडमनी विचारलं, कोण होतं ते?

बाईंनी भावाला विचारलं, "त्या विचारतायत, कोण होतं."

"माझी बहीण," दादा म्हणाला.

"त्यांची बहीण," बाईंनी मॅडमना सांगितलं.

मॅडम पुढं झुकल्या. त्यांना त्यात आशा दिसली. दोन्हीकडचं जाणणारं माणूस गावात आहे, तर या नव्या कामात तिच्याइतकं मोलाचं दुसरं कोण? त्यांनी उत्साहानं विचारलं, तिला भेटता येईल का, तुम्ही तिला आमच्याकडे घेऊन याल का?

बाईंनी दादाकडे बघितलं. तोही बघत होता, काचेतून खाली बघायचा तसा, काही हलतंय का ते शोधत. क्षणभर बाईंना वाटलं, तो आता हसेल, एक डोळा बारीक करेल आणि म्हणेल, ही काय, समोर बसलीय.

"त्या विचारतायत," बाई म्हणाल्या, "तिला भेटता येईल का."

दादा खुर्ची मागं सारून उठला.

"नाही," तो म्हणाला.

बाई मॅडमकडे वळल्या आणि तो एक शब्द त्यांनी सांगितला.