पळसाच्या पानांचा माणूस

मला हल्ली सभांना बोलावतात. शाल, नारळ, हार, आणि मग एखादी तरुण मुलगी माइक पुढे करून विचारते, "मॅडम, तुमच्या यशाचं रहस्य काय?" मी म्हणते, श्रद्धा. टाळ्या पडतात. बाई किती साधी, असं त्यांना वाटतं. त्या शब्दाखाली काय दडलंय ते मी मुलीखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, आणि तिलाही सांगितलं ते गेल्या वर्षी.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझा नवरा घरातून गेला. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. सकाळी डबा घेतला, सायकल काढली आणि संध्याकाळी परत आला नाही. सायकल स्टेशनबाहेर सापडली, हँडलला डबा तसाच लटकलेला. डबा रिकामा होता, म्हणजे स्वारी जेवून गेली. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, चिठ्ठी नव्हती. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते असं सासरे मोठ्या तोऱ्यात सांगत. लढाईवर गेलेला परतला नाही तर घराण्याचं नाव होतं. कारखान्यात गेलेला परतला नाही तर लोक बायकोकडे बघतात. बघितलंच लोकांनी. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

सासूबाई म्हणाल्या, लाख वातींचा नवस बोल. बोलले. कापसाचा चिमटीएवढा पुंजका घ्यायचा, तळहातावर गोल पसरायचा, मधोमध चिमूट धरून बोटं दुधात बुडवायची आणि टोक पिळायचं. झाली एक फुलवात. अशा लाख. स्वयंपाक करून, मुलीला झोपवून, शेजारणीच्या टोमण्यांना उत्तरं देऊन मी वाती वळत होते. प्रत्येक वातीला एकच मागणं होतं, तो परत येऊ दे.

आषाढातल्या अमावस्येला इथल्या, म्हैसूरकडच्या बायका नवऱ्याचे पाय धुऊन पूजा करतात. भीमन अमावास्ये म्हणतात तिला, आणि इतक्या पिढ्या इथं काढल्यावर आम्ही मराठी घरंही ती करतो. माझ्याकडे पाय नव्हते, चपला होत्या. त्या पाटावर ठेवून मी धूत असे. धुताना तोंडाने त्यांना शिव्या देत असे आणि शेवटी त्यांनाच नमस्कार करत असे. दोन्ही अगदी मनापासून.

लाख वाती देवीपुढे तुपात जाळल्या त्या दिवशी देवळात एक म्हातारी जवळ आली. कन्नडमध्ये म्हणाली, माझाही नवस आहे, पण बोटं वळत नाहीत, तू वळून देशील का, पैसे देते. मी हो म्हटलं. नणंद म्हणाली, "वहिनी, पुण्य विकाया बसलीस काय?" मी म्हटलं, "तुझं पुण्य शिजवून मुलीला घालता येत नाही." त्या म्हातारीमागून दुसरी आली, मग देवळाच्या दारातला दुकानदार आला, मग लांब वाती, कापसाची वस्त्रं, माळा. चार-पाच वर्षांत आमच्या हिनकलच्या घराच्या पडवीत दहा बाया बसू लागल्या. निम्म्या विधवा, दोन टाकलेल्या, एक नवऱ्याला कंटाळून स्वतःच निघालेली. तिचा मला फार हेवा वाटायचा.

धंदा वाढला तो माझ्या हुशारीने असं मला कधीच वाटलं नाही. देव ऐकतोय, एवढंच वाटायचं. नवरा द्यायला त्याला वेळ लागतोय, तोवर वाट बघायला बळ हवं म्हणून हे देतोय. रोजच्या मालातली पहिली वात मी नवऱ्याच्या नावाने लावत होते.

नवव्या वर्षी त्याच्या कारखान्यातला एक जुना सोबती घरी आला. चहा घेतला नाही, बसला नाही. "अक्का, नानु सुळ्ळु हेळल्ल," म्हणाला, मी खोटं सांगत नाही. कोइमतूरला बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात गल्ल्यावर माझा नवरा बसला होता. ह्याने नावाने हाक मारली. त्याने तमिळमध्ये सांगितलं, तुमचा माणूस चुकलाय. पण पैसे परत देताना ह्याने हात पाहिला. डाव्या तर्जनीचं टोक मशीनमध्ये तुटलं होतं तेव्हा त्याला दवाखान्यात नेणारा हाच होता.

मला आधी आनंद झाला, हे कबूल करते. जिवंत आहे, माझ्या वाती वाया गेल्या नाहीत. मग जो संताप आला तो आजही पूर्ण उतरलेला नाही. कोइमतूर काही विलायत नव्हे, सकाळची बस धरली तर दुपारच्या चहाला तिथं. मी गेले नाही. मी त्याला देवाकडे मागितला होता, हॉटेलच्या गल्ल्यावरून उचलून आणणार नव्हते. सोबत्याला म्हटलं, हे कुणाला बोलू नका. त्याने शब्द पाळला. चपला मात्र मी दरवर्षी धूत राहिले.

बाराव्या वर्षी बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड मिळत होती. वाती वळायची यंत्रं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. पडवीतल्या बायांची संख्या साठावर गेली होती आणि त्या पाळीने अंगणात बसत. बँकेला घर तारण हवं होतं आणि घर नवऱ्याच्या नावावर. सही त्याची हवी, नाही तर तो मेल्याचा कागद. वकील म्हणाले, सात वर्षांत त्याची काही खबर नाही एवढं शपथेवर सांगा, बाकी मी बघतो. त्याच सुमारास भटजीही म्हणाले, बारा वर्षं झाली, आता त्याला गेला समजून पळसविधी करून टाका, नाही तर दोष लागतो.

तो जिवंत आहे हे मला ठाऊक होतं आणि हे सगळं मला करायचं होतं. अशा वेळी माणूस स्वतःला काहीही पटवतो. आपल्यात म्हणतात ना, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. मी ते धरून बसले. म्हटलं, माझ्या विधीने त्याचं वाईट कसं होईल, उलट दहा वर्षं जास्तच जगेल मेला. कोर्टात उभी राहिले, सत्य सांगेन म्हटलं आणि सांगितलं, काही खबर नाही.

मग पश्चिमवाहिनीला, कावेरीच्या काठी, विधी झाला. दर्भावर पळसाची पानं देठांसकट मांडून माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, वर पांढरं कापड घालतात. भटजींनी त्याचं नाव-गोत्र उच्चारलं. मी त्या पानांच्या हातांकडे बघत होते. म्हटलं, हा तो नव्हे, ह्याचं बोट कुठं तुटलंय. चुलत दिराने अग्नी दिला. पानं ओली होती, धूरच फार झाला. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तसं माझ्याही आलं. कुंकू मी स्वतःच पुसलं, नणंदेला हात लावू दिला नाही.

महिन्याभराने कोइमतूरहून पत्र आलं. कन्नडमध्ये, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पाठवणारी बाई त्याच्याबरोबर राहत होती. तिने शिव्या दिल्या नव्हत्या, काही मागितलंही नव्हतं. हा पत्ता त्यांनी शेवटी दिला म्हणून कळवते, असं होतं. विधी सोमवारी झाला होता. पत्रात लिहिलं होतं, त्याच सोमवारी दुपारी ताप चढला, बुधवारी गेले. खाली एकच विनंती होती. तुमच्या हातून क्रियाकर्म झालं तर त्यांना गती मिळेल, मला तो अधिकार नाही.

मी ते पत्र किती वेळा वाचलं याला सुमार नाही. पुन्हा विधी करायचा तर भटजींना सांगावं लागणार, मागे आपण कुणाला जाळलं ते. सांगायची हिंमत झाली नाही. ज्याचं सगळं यथासांग केलं तो जिवंत होता, आणि जो मेला त्याचं राहिलंच. त्या बाईला मी उत्तर लिहिलं नाही. तिने वाट पाहिली असेल. वाट पाहणं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको होतं, तरी लिहिलं नाही.

कोर्टाचा निकाल पुढे चार महिन्यांनी लागला. तोवर तो खरोखरच मेलेला होता, म्हणजे कायद्यालाही माझ्यात खोट काढता आली नसती. शेड मिळाली, यंत्रं आली, माल मद्रास-मुंबईला जाऊ लागला. आता गोकुलममध्ये योग शिकायला आलेले गोरे लोकसुद्धा आमच्या फुलवाती विकत घेतात. कशात लावतात देव जाणे.

गेल्या वर्षी हे सगळं मुलीला सांगितलं. ती कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिचं मराठी अर्धं कन्नड आणि अर्धं इंग्रजी. तिने पत्र वाचलं, बापासाठी थोडी रडली, मग डोळे पुसून माझ्यामागे लागली.

"अम्मा, सुम्ने, उगाच डोक्यात काय घालून घेतलीस? त्यांना ताप आला, गेले. तू इथं पानं जाळलीस. लिंक कुठं आहे?"

"सोमवारी जाळली. सोमवारी ताप आला."

"कोइन्सिडन्स अम्मा. असल्या विधीनं कोण मरत नाही. पानं ती, नुसती पानं."

"मग वातीपण नुसता कापूसच."

तिने खुर्ची जवळ ओढली. मग माझा हात हातात घेऊन हळू म्हणाली, "हो. कापूसच. तू कष्ट केलीस म्हणून धंदा झाला. हे मान, अम्मा. देव वगैरे बिडु, सोडून दे. मग तू कोणाला मारली नाहीस."

पोरीने मला सुटायची वाट दाखवली होती. मायेने दाखवली होती आणि हिशेबही चोख होता. वर ऐकणारा कुणी नसेल तर मी फक्त एक खोटी शपथ घेतलेली बाई आहे, आणि तेवढं पाप तर निम्म्या म्हैसूरच्या खात्यावर असेल. मी खरंच विचार केला. तिच्यासमोर बसूनच केला. पण ऐकणारा कुणी नसेल तर वाती वळताना मी बारा वर्षं कुणाशी बोलत होते? त्या खोलीत मी आणि झोपलेलं पोर, आणखी कुणीच नव्हतं, हे मला मानावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नाही.

"तो ऐकतो गं," मी तिला म्हटलं. "मी मारलं त्यांना."