कुंकवाचे टिळे

नाताळचं खोकं उघडलं की कापसाबरोबर थोडा कापराचाही वास येतो, आणि मला जबलपूरचं आमचं फॅक्टरीचं क्वार्टर आठवतं. बाळ येशूला भेटायला निघालेले तीन ज्ञानी सहा जानेवारीला पोचतात, म्हणून आई त्यांच्या मातीच्या मूर्ती गव्हाणीपासून लांब ठेवून रोज थोड्या पुढे सरकवायची. पण आमचं घर दीड खोलीचं, त्यांचा प्रवास लगेच संपायचा. मग एका वर्षी तिनं त्यांना समोरच्या काकूंकडे नेऊन ठेवलं, निघू देत तिकडून म्हणाली. सहा जानेवारीच्या सकाळी आम्ही आणायला गेलो, तर तिघं काकूंच्या देव्हाऱ्यात उभे, समोर कापूर विझत आलेला आणि कपाळांवर कुंकवाचे ताजे टिळे. काकू ओशाळल्या. "पाहुणे होते जी, कोऱ्या कपाळानं कसे धाडू? पुसून देऊ का?" आईनं तिघांना पदरात घेतलं. "राहू द्या, वहिनी. बाळाला शोधत आले ते आपल्यातले कुठं होते? परक्या मुलखातले, परक्या देवांना मानणारे. तरी सगळ्यात लांबून तेच आले." त्या दिवशी ते अंगण ओलांडून टिळ्यांसकट गव्हाणीशी पोचले. यंदा माझी लेक ओला फडका घेऊन त्या मूर्ती पुसत बसली होती. "मम्मी, ये लाल क्या लगा है, निकलता ही नहीं." मी तिच्या हातातून फडका घेतला. "राहू दे," म्हटलं, "ते वाटेत एका घरी थांबले होते."