दारातल्या बाईचा चेहरा

दगड मीच घासला. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी पुन्हा पळवाट शोधेन. भूत, आत्मा वगैरे मी कधी मानलं नाही. छापखान्यात आयुष्य गेलं... जे दगडावर काढलं तेच कागदावर उतरतं, एवढंच मला माहीत.

जिंतूरला माझा शिळाप्रेस आहे. निजामाच्या काळात आम्ही उर्दू जाहिराती छापायचो. संस्थान विलीन झालं आणि मी मराठी साप्ताहिक काढलं. त्याचं शेवटचं पान बोरीच्या केरबातात्यांचं. तात्या थेट दगडावर उलटं चित्र काढायचे — छापल्यावर ते सुलट यायचं. त्यांच्या चित्रकथेतला रानबा हरवलेला बैल शोधायला निघालेला, आणि दर आठवड्याला घराकडे वळता वळता नव्या भानगडीत सापडायचा. चुडाव्याच्या स्टेशनावरचे हमालसुद्धा आधी शेवटचं पान उघडायचे.

तब्येत खालावली तेव्हा तात्यांनी ठरवलं, रानबाला घरी पोचवायचं. शेवटच्या चौकटीत तो बैल घेऊन अंगणात, आणि दारात त्याची बायको. पण त्या बाईचा चेहरा त्यांनी कोराच ठेवला.

"बायकोचं तोंड विसरलात का काय, तात्या?" मी चेष्टा केली.

"विसरलो न्हाई वो मालक. काढाया गेलं की बिघडायलंय. घरी जाऊन एकदा नीट बघून येतो."

बोरीला गेले, ते परत आलेच नाहीत; आठवड्याभरात तिथेच वारल्याचा निरोप आला. आठवड्यामागून आठवडे लोक प्रेसच्या दारात येऊन विचारायचे, "रानबा पोचला का घरी?"

महिना उलटला. जिनिंगवाल्या शेठना सरकीची जाहिरात ताबडतोब हवी होती आणि मोकळा दगड नव्हता. अर्धवट चित्र ठेवून करायचं काय, असं म्हणत मी आणि आमचे जुने कारागीर युसूफभाई, दोघांनी वाळू-पाणी घालून तात्यांचा दगड घासला, पार कोरा केला. आठवण म्हणून एक कागदसुद्धा आधी छापून घेतला नाही.

त्याच दुपारी तात्यांची बायको, पारूकाकू, आल्या. पदर पार भुवयांखाली ओढलेला.

"हे म्हणले होते, तुला दारात उभी केलीय, जाऊन बघ. दाखिवता का, मालक?"

"दगड फुटला, काकू... उचलताना."

त्या वळल्या आणि मोटारीच्या थांब्याकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाहिरात दगडावर उतरवली, शाईचा रूळ फिरवला, पहिला कागद उचलला. जाहिरात नव्हतीच. रानबा होता, बैल होता, अंगण होतं. आणि दारातल्या बाईला चेहरा होता.

"मालिक, ये क्या निकलरा?" युसूफभाई पुटपुटले. "घिसे थे ना अपन?"

दुसरा कागद लावला. नुसती सरकीची जाहिरात. तिसऱ्यावरही तीच.

दगड नीट घासला नाही तर आधीच्या चित्राच्या रेषा कधी कधी वर येतात, असं जुने लोक सांगतात. येत असतील. पण जे काढलंच नव्हतं, ते कुठून आलं?

युसूफभाई म्हणाले, जाळून टाका. मी कागद सुकवला, गुंडाळला आणि बोरीची मोटार धरली. एकच ठरवलं होतं — हा कागद काकूंच्या हातात द्यायचा, आणि आता खोटं बोलायचं नाही.

काकू ओट्यावर तूर पाखडत होत्या. चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पदर मागे सारला. उजव्या भुवईवर नवा व्रण होता. चित्रातल्या बाईलाही होता, त्याच जागी. मी तो आधी कधीच पाहिला नव्हता.

"ह्यांच्या शेवटच्या दिवशी मी पाणी आणाया धावले अन् दाराच्या चौकटीवर आपटले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यांनी डोळे उघडून बघितलं बी न्हाई." आणि पदरात तोंड लपवून हसल्या. "बघितलं की वो, गुपचूप!"

मग माझ्याकडे वळल्या. "पण मालक, दगड तर फुटला होता ना?"

"नाही काकू. गिऱ्हाईक घाईत होतं म्हणून मी तो घासला, आणि तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. तुमची माफी मागतो... आणि तात्यांची."