खराब मूठ

ते अमरावतीहून आठवड्यातून दोनदा अकोल्याला आमच्या जिनिंगच्या कारखान्यात यायचे, आम्हा चौघांना कापूस पारखायला शिकवायला. चिमूटभर रुई ओढून काळ्या कोटाच्या बाहीवर पसरत आणि धाग्याची लांबी सांगत. ओल पाहायला मूठ गालाला लावत. चहासुद्धा आधी हुंगत, मग पीत.

“चांगला हाय म्हणून हात घालू नका,” ते म्हणत. “खराब हाय असं धरा, मंग पाहा.”

दर खेपेला चांगल्या ढिगात ते एक खराब मूठ गुपचूप मिसळत. ती आम्हाला सापडली नाही, तर दिवसभर आमच्याशी बोलत नसत. मला त्यांची धास्तीच वाटे.

दिवाळीनंतर एका गाडीतली मूठ त्यांनी गालाला लावली आणि म्हणाले, “कोरडा.” आम्हीही हात घातले होते. कापूस आत ओला होता. चौघांनाही ते कळलं, पण तोंड कुणी उघडलं नाही.

आठवड्याने त्या कापसाची रचलेली गंजी आतून तापून पिवळी पडली. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

“तुमाले समजलं होतं?”

आम्ही खाली पाहिलं.

“मी चुकलो, ते जाऊ द्या. माणूस चुकते. पन चौघंबी गप राह्यले. म्हणजे मी तुमाले काईच नाई शिकवलं.”

ते पुन्हा आले नाहीत.

आता नव्या माणसांना मी शिकवतो. कधी कधी ओला कापूस गालाला लावून मुद्दाम “कोरडा” म्हणतो आणि थांबतो. अजून कोणी बोललेलं नाही.