हात लावून बघा, बाई

कुठलंही यंत्र समोर आलं की तो आधी त्यावर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग ओरडायचा, "हात लावून बघा, बाई!"

ओरडायचा, कारण धाटावच्या कुठल्याशा कंपनीत बॉयलरपाशी शिफ्ट करून करून त्याचे कान गेले होते. निरोपाला कंपनीने काय द्यावं? गजराचं घड्याळ. बहिऱ्या माणसाला गजराचं घड्याळ! आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

नंतर तो पेणला रामवाडीत कॉम्प्युटर जोडून द्यायचा. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची अल्लड मुलगी होते. शाळेतून, म्हणजे शिकवण्यातून, सुटलेली, आणि घरी गाणी रेकॉर्ड करायचं खूळ डोक्यात.

खूळ तरी कसं म्हणू? माझी थोरली जाऊ धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले ती म्हणायची. एकही ओळ कागदावर नाही, आणि तिला आता दम लागत होता. बरं, घरी बसून म्हण म्हटलं तर फणकारायची, "मांडव नाय, नवरी नाय, भितीला धवला म्हनू काय गो?" म्हणजे खऱ्या लग्नातच रेकॉर्ड करायचं, आणि एकदाच.

त्याने स्वस्तातले दोन मदरबोर्ड पुढ्यात ठेवले. एक काळा, मख्ख चेहऱ्याचा. दुसऱ्यावर रंगीत दिवे. मी कशावर भाळले असेन, ओळखलंच असेल तुम्ही.

"बाई, गाणं ठेवायचं हाय का गणपती बसवायचाय?" तो म्हणाला. "काळ्याला बघा, करंट येतो तिथं जाड ॲल्युमिनियम हाय. दिव्यावाल्याला नाय. तो तापंल, मग आवाज तुटंल."

"स्वतःला ऐकू येत नाही," मी म्हणाले, "आणि मला आवाज शिकवता?"

त्याने दिव्यांचा बोर्ड बसवला. त्याला ते ऐकू गेलं नसेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. तो ओठ वाचायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या एकसष्टीच्या मुलीच्या कानाखाली वाजवायला हवी होती.

घरातलंच लग्न आलं. वैशाखातली हळद, मांडवावर पत्रा, टेबलावर माझा चमचमता डबा. जाऊ जीव ओतून गायली. नंतर ऐकतो तर ओळीओळीला टक्, खर्र, आणि एक शब्द गिळलेला.

"माझा गला तुटला का तुझा डबा?" जाऊने विचारलं. "आता नाय म्हनायची मी."

तो आला. डब्यावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. 'बोललो होतो' एवढंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं! काळा बोर्ड बसवून गेला.

पुढल्या मोसमात त्याच्या मुलीचं लग्न निघालं. रोह्याजवळ वरशाला त्याचं घर. स्वतः जावेकडे येऊन हात जोडले. "मावशे, माझ्या पोरीला धवला पायजे. मला नाय ऐकू येनार, तिला येऊ दे." खरा मांडव, खरी नवरी. जाऊ उठलीच, आणि मागोमाग डबा घेऊन मी.

ती गायली तेवढा वेळ तो डब्याला हात लावून उकिडवा बसला होता. आणि ऐन रंगात, नवरीला हळद चढत असताना, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "थंड हाय, बाई! थंड!"

मी चारचौघांत त्याला झापलं. मुलीच्या बापाला, त्याच्याच दारात.

आधी जाऊ गेली. गेल्या वर्षी तो गेला. रामवाडीतल्या त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. धवला मात्र स्वच्छ आहे, कुठे टक् नाही की खर्र नाही. मधोमध फक्त ते ओरडणं.

परवा नात म्हणाली, "आजी, तेवढं कापून देऊ का?"

मी अशी खेकसले तिच्यावर, की पोरगी चहा अर्धा टाकून उठली.